वाळवंटात ओल शोधताना

अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्स शहरात वर्षाकाठी सरासरी 180 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कोकणात आषाढातल्या एखाद्या दिवशी एवढा सहज कोसळून जातो. तरीही इथल्या इमारतींच्या गिलाव्याचं खरं वैर पाण्याशी आहे, हे भारतातून आलेल्या पाहुण्यांना पटत नाही. त्यांना दिसतं ते ऊन. दुकानं, दवाखाने, छोटी कार्यालयं अशा इमारतींच्या बाहेरच्या भिंती तपासणं आणि त्यांची डागडुजी करून घेणं हे माझं काम. उन्हाने गिलावा तडकतो हे खरंच. पण भिंत आतून कुजते ती त्या तड्यातून शिरलेल्या ओंजळभर पाण्याने.

कारण इथल्या गिलाव्यामागे बहुतेक वेळा वीट नसतेच. लाकडाचा किंवा पत्र्याचा सांगाडा, त्यावर पाणी अडवणारा डांबरी कागद, मग चिकन मेश आणि त्या जाळीत दाबून बसवलेला सिमेंटचा गिलावा, म्हणजेच स्टको. तीन हातांचा स्टको जेमतेम 22 मिलिमीटर जाड असतो. थर्माकोलच्या पाट्यांवर एकाच हातात केलेला त्याच्या निम्मा. हा पापुद्रा पाऊस पूर्णपणे अडवेल असं बांधणाऱ्याने गृहीत धरलेलंच नसतं. थोडं पाणी आत जाणार, कागदावरून ओघळणार आणि भिंतीच्या पायथ्याशी बसवलेल्या पत्र्याच्या पट्टीतून बाहेर पडणार, अशी ती रचना. ही पट्टी मातीपासून निदान 4 इंच आणि फरसबंदीपासून 2 इंच वर असावी लागते.

म्हणून कुठल्याही इमारतीत गेले की मी आधी खाली वाकून ती पट्टी शोधते. पुष्कळदा ती सापडत नाही. इथे बागेत गवताऐवजी बारीक दगडी खडी पसरतात. वाऱ्याने आणि पावसाने ती पांगली की माळी वरून आणखी खडी ओततात. काही वर्षांत पट्टी खडीखाली गाडली जाते. पाण्याची बाहेर पडायची वाट बुजली, की ते आत थांबतं. खडी उपसून ती पट्टी मोकळी करणं हे साधं फावड्याचं काम आहे. मला विचाराल तर कोणत्याही महागड्या रंगापेक्षा त्याचं मोल जास्त आहे.

तपासणीची वेळ पहाटेची. ऊन भिंतीला घासून तिरपं येतं तेव्हा फुगवटे, जुन्या डागडुजीचे चौकोन, केसाएवढ्या चिरा सगळं उठून दिसतं. तासाभरात सूर्य वर आला की तीच भिंत सपाट वाटायला लागते. मग हात फिरवायचा. तळव्याला पांढरी भुकटी लागली तर उन्हाने रंगाचा बंध संपवलाय. चिरा वाचायच्या. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा गिलावा घाईने वाळल्याच्या. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली चीर हालचालीची. लांब, सरळ चीर दिसली की तिथे सांधा द्यायचा राहून गेला असा संशय घ्यायचा. 144 चौरस फुटांपेक्षा मोठा पट्टा सांध्याशिवाय सोडू नये आणि कुठलीही बाजू 18 फुटांपलीकडे जाऊ नये, असा इथला दंडक आहे. संशयास्पद चिरेच्या दोन्ही टोकांना मी पेन्सिलीने बारीक रेघ मारून तारीख लिहिते. चार-सहा महिन्यांनी चीर रेघेपुढे सरकली असेल, तर ती नुसती भरून भागणार नाही.

सांध्यांची कथा वेगळी. 2023च्या उन्हाळ्यात फिनिक्समध्ये सलग 31 दिवस पारा 110 फॅरनहाइटला, म्हणजे 43 अंशांना, किंवा त्याहून वर गेला. अशा दिवसांत पश्चिमेची गडद रंगाची भिंत हात ठेवू देत नाही. रात्री ती निवते, पुन्हा तापते. ही रोजची ओढाताण खिडकीभोवतीचं सीलंट सोसतं. काही वर्षांनी ते कडक होतं आणि कडेने सुटतं. मी नखाने दाबून पाहते. नख रुतून जागा पुन्हा भरून आली तर ठीक. नख घसरलं तर ते सीलंट मेलं. जुनं पूर्ण कापून काढायचं, आत फोमची गोल दोरी बसवायची, आणि नवं असं भरायचं की ते फक्त दोन बाजूंना चिकटेल. तळाला चिकटलं तर ताणायला जागाच उरत नाही आणि ते मधोमध फाटतं. जुन्यावर नवं फासणारे खूप आहेत. वरून दिसायला छान दिसतं, आणि जुलैत गळतं.

जुलै, कारण 15 जून ते 30 सप्टेंबर हा इथला मान्सून. पाऊस रिपरिप पडत नाही. आधी धुळीची भिंत चालून येते, मग वाऱ्यावर आडवं पाणी, आणि तासाभरात सगळं संपतं. हे आडवं पाणी सपाट छपराच्या कठड्यावर, खिडकीच्या कडांवर मारा करतं. त्यामुळे गिलाव्याची मोठी कामं आम्ही ऑक्टोबर ते एप्रिलमध्ये उरकतो. तेव्हाही कोरडा वारा ताज्या गिलाव्यातलं पाणी ओढून नेतो, म्हणून दिवसातून अनेकदा बारीक फवारा मारावा लागतो. आपल्याकडे गवंडी नव्या भिंतीवर पाणी मारतो, त्याच कारणासाठी. आमचे बहुतेक कारागीर मेक्सिकोतून आलेले. ते सकाळी पश्चिमेची भिंत धरतात आणि दुपारी पूर्वेची. सावली सरकते तशी त्यांची शिडी सरकते. रंगाला हात घालण्याआधी मुकादम भिंतीचं तापमान मोजतो. तापलेल्या भिंतीवर रंग वरच्यावर सुकतो, धरत नाही.

रंगाबद्दल मला फार तळमळीने सांगायचंय. रबरासारखा ताणणारा जाड रंग बारीक चिरा झाकतो, म्हणून इमारतींच्या मालकांना तो आवडतो. योग्य जागी तो उत्तमच. पण एका बाजारसंकुलात कंत्राटदाराने तो पायथ्याच्या पट्टीवरही फासून ती बंद केली होती. पुढच्या मान्सूननंतर भिंतीवर तळहाताएवढे फोड आले. एक कापला तर मनगटावरून पाणी वाहिलं.

ही चूक जुनीच आहे. टुसानजवळचं सान झेवियर देल बाक हे 1783 ते 1797 या काळात बांधलेलं विटांचं चर्च. विसाव्या शतकात त्यावर सिमेंटचा लेप चढवला, आणि आतली ओल अडकून विटा भुसभुशीत झाल्या. दुरुस्तीत तो लेप काढून पुन्हा चुन्याचा गिलावा केला, चुन्यात निवडुंगाचा चीक घालून. आपल्याकडे चुन्यात गूळ आणि बेलफळ घालत, ते आठवून मला त्या चर्चच्या भिंतीबद्दल विशेष जिव्हाळा वाटतो.

पक्ष्यांचाही हिशेब ठेवावा लागतो. गिला नावाचा सुतारपक्षी मुळात साग्वारो निवडुंगात ढोली कोरतो. थर्माकोलवरचा पातळ गिलावा त्याला तेवढाच सोयीचा वाटतो. आत अंडी असतील तर ते भोक बुजवता येत नाही. 1918च्या कायद्याने त्या पक्ष्याला संरक्षण आहे. पिल्लं उडेपर्यंत थांबायचं, मग जाळी लावून भोक बंद करायचं. तोवर मान्सून आला तर भोकावर पत्र्याचा छोटा छज्जा तेवढा लावतो.

सध्या एका दवाखान्याच्या उत्तरेच्या भिंतीचं काम चालू आहे. पायथ्यापासून गुडघ्यापर्यंत लोणा आलाय, पोपडे सुटलेत. मालकाने दोनदा रंग दिला, दोन्ही वेळा तो उडाला. पहाटे जाऊन उभी राहिले तेव्हा कारण दिसलं: बागेतला फवारा रोज त्या भिंतीवर पडत होता. इथलं पाणी जड; ते वाळतं आणि क्षार गिलाव्याच्या छिद्रांत स्फटिक होऊन वरचा थर फोडतात. आम्ही फवारा वळवला, क्षार कोरड्या ब्रशने झाडले, सुटलेला भाग काढून टाकला. धुतलं नाही, धुतलं असतं तर क्षार पुन्हा आत गेले असते. मालक विचारत होते, रंग कधी? मी त्यांना यंदाचा हंगाम भिंत तशीच उघडी ठेवायला सांगितलंय. ऑक्टोबरात मीटरने ओल मोजायची, आकडा उतरला असेल तर गिलाव्याचा नवा हात द्यायचा, चार आठवडे त्याला पिकू द्यायचं, आणि मग वाफ बाहेर सोडणारा पातळ रंग. ते तयार झालेत.