छोट्या ट्रॅक्टरचा घसरणारा क्लच

परभणी जिल्ह्यात कापसाच्या आंतरमशागतीसाठी, फळबागांत आणि लहान धारणेच्या शेतांत मिनी ट्रॅक्टर आता चांगलाच रुळला असून, अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांतील बचत गटांना 9 ते 18 अश्वशक्तीचे ट्रॅक्टर 90 टक्के अनुदानावर देणाऱ्या राज्याच्या योजनेचाही त्यास हातभार लागला आहे. ‘इंजिन रेस होते, पण ट्रॅक्टर ओढत नाही’ अशी तक्रार या ट्रॅक्टरविषयी आली की नवी क्लच प्लेट टाकण्याचा निर्णय बहुधा तत्काळ होतो. वस्तुतः दोषाचे मूळ पुष्कळदा ट्रॅक्टर न उघडताही सापडते, आणि ते न शोधता बसवलेली नवी प्लेट जुनीच्याच वाटेने जाते.

इंजिनाबरोबर फिरणारे जड चाक म्हणजे फ्लायव्हील, त्याच्याकडे स्प्रिंगांच्या जोराने रेटणारी ती प्रेशर प्लेट, आणि या दोहोंत घट्ट धरलेली, दोन्ही अंगांना घर्षणाचे अस्तर असलेली चकती म्हणजे क्लच प्लेट होय. ही पकड सैल झाली की इंजिनाचा फेरा गिअर बॉक्सपर्यंत पुरता पोहोचत नाही आणि वाया गेलेली शक्ती उष्णतेच्या रूपाने अस्तर जाळते, ज्याचा करपट वास चालकाला प्रथम येतो. वापसा येण्यापूर्वीच शेतात घातलेला ट्रॅक्टरही जागच्या जागी अडतो, परंतु तेथे मागची चाके चिखलात फिरत असतात. इंजिनच अशक्त असेल तर भार येताच त्याचे फेरे उतरतात. क्लच घसरत असेल तर मात्र फेरे चढतात आणि चाके मंदावतात.

पहिली तपासणी पेडलची करावी. पेडल हाताने हलके दाबल्यास प्रत्यक्ष विरोध जाणवण्यापूर्वी ते जेवढे मोकळे सरकते त्यास फ्री प्ले म्हणतात. अनेक ट्रॅक्टरांत तो 20 ते 30 मिलिमीटर असतो, तथापि नेमका आकडा त्या त्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. प्लेट झिजते तसतशी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते व तिची बोटे उलट दिशेने, पेडल दाबल्यावर त्यांना रेटणाऱ्या रिलीज बेअरिंगकडे येतात, त्यामुळे फ्री प्ले घटत जातो, आणि तो संपला की पेडलवर पाय नसतानाही बेअरिंग बोटांना दाबून धरते. अशा वेळी पेडलच्या जोडदांड्याचा नट फिरवून अंतर पूर्ववत केल्यास, अस्तर शिल्लक असेल तर, क्लच पुन्हा पकडतो. पान्याच्या एवढ्याशा कामासाठी ट्रॅक्टर मधून अलग करण्याचा खर्च अनेकांनी सोसला असेल.

फ्री प्ले बरोबर असूनही घसरण राहिली, तर क्लचच्या कवचाखालील छिद्र पाहावे. तेथून ऑइल ठिबकत असल्यास इंजिनाच्या मागच्या बाजूचे किंवा गिअर बॉक्सच्या शाफ्टचे ऑइल सील गेलेले असते, आणि ऑइल प्यालेले अस्तर पेट्रोलने धुऊन भरवशाचे होत नाही. ट्रॅक्टर उघडावाच लागला, तर सील, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच तपासून घेणे किफायतशीर ठरते, कारण मजुरीचा मोठा भाग केवळ उघडण्या-जोडण्याचाच असतो. फ्लायव्हीलवर निळसर डाग वा बारीक तडे दिसल्यास तेही जाणकाराला दाखवावे.

यंत्राइतकाच चालकही येथे कारणीभूत असतो. मानवत किंवा सेलूच्या बाजारात कापसाची ट्रॉली नेताना पेडलवर पाय टेकवून ठेवणे, चढावर हाफ क्लचने ट्रॅक्टर रोखून धरणे, भार असताना वरच्या गिअरमध्ये उचल घेणे या सवयी अस्तर खातात. रोटाव्हेटरची निवडही तपासावी: 15 ते 18 अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला सुमारे तीन फुटी रोटाव्हेटर झेपतो, पण काम लवकर उरकावे म्हणून त्याहून रुंद अवजार जोडले आणि ओलसर काळ्या मातीत खोल उतरवले, तर निर्दोष क्लचही तापून घसरू लागतो.