शरद ऋतू आणि चेस्टनटचा धूर

ऑक्टोबर लागला की दक्षिण फ्रान्समधल्या सेव्हेन आणि आर्देशच्या डोंगरी गावांत लगबग सुरू होते. चेस्टनट गळायला लागलेले असतात!

या डोंगरउतारांवर धान्य फारसं पिकत नसे. म्हणून लोकांनी दगडी बांध घालून पायऱ्या-पायऱ्यांची शेतं केली आणि चेस्टनट लावले. कित्येक शतकं गरिबांचं पोट याच झाडानं भरलं.

ताजं चेस्टनट लवकर खराब होतं. त्यावर उपाय म्हणजे ‘क्लेद’: दगडी, दुमजली खोपटं. खाली मंद, धुमसती आग. वर फटी ठेवलेल्या फळ्यांवर पसरलेले चेस्टनट. काही आठवडे धुरी दिली की ते कडक होतात. मग सालं काढून वर्षभर सूप करायचं, नाहीतर दळून पीठ.

१८७८च्या शरद ऋतूत लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन गाढव घेऊन याच भागातून पायी गेला. चेस्टनटच्या बागेत त्यानं मुक्कामही केला होता.

पुढे झाडांवरचे रोग आणि शहरांकडे गेलेली माणसं यांमुळे बागा ओस पडल्या. तरीही आर्देशच्या चेस्टनटला २००६मध्ये फ्रान्समध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तिथल्या गावांत दर शरदात चेस्टनटचे उत्सव भरतात.

तिकडे जायचं असेल तर ऑक्टोबरचा उत्तरार्ध निवडा.