बार भरण्याचा सरंजाम

लग्नाचा बार उडवून देणाऱ्या आणि आपले मत ठासून सांगणाऱ्या मराठी माणसाला, या दोन्ही वाक्प्रचारांत एके काळी खरीखुरी दारू भरलेली होती, याची सहसा आठवण राहत नाही. मला ती झाली ती चेन्नईत, एग्मोरच्या पॅन्थिऑन रोडवरील सरकारी संग्रहालयात. १८५१ साली स्थापन झालेल्या या संग्रहालयात तंजावरच्या भोसल्यांच्या शिलेखान्यातील शस्त्रे आहेत. १८५५ साली ते राज्य खालसा झाले, पुढल्या दशकात तेथील बहुतेक हत्यारे मोडीत निघाली, आणि त्या मोडीतून जी थोडी वाचली ती येथे येऊन विसावली.

तोड्याच्या बंदुकीच्या त्या जमान्यात बार घरी भरणे हा छंद नव्हता. दुसरा मार्गच नव्हता. दारूचा शिंगडा, तिचे लहानसे माप, शिशाच्या गोळ्या ओतण्याचा साचा, चिंध्या, ठासण्याचा गज आणि बंदुकीचा कान मोकळा करण्याची सळई एवढा सरंजाम कमरेला व खांद्याला बांधून फिरणारा शिपाई स्वतःच आपल्या दारूखान्याचा कारभारी असे. नळीत दारू, तिच्यावर गोळी, गजाचे दोन-चार ठोसे, कानाशी चिमूटभर रंजक, आणि मग पेटता तोडा. यांतले एक माप चुकले की बार एक तर फुसका जाई, नाही तर नळीसकट भरणाऱ्यावर उलटे.

पुढे पितळी काडतूस आले, तरी हा उद्योग संपला नाही, कारण बार उडाल्यावर काडतुसाच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी निकामी होते, दारू जळते, गोळी जाते, पण सर्वांत महागडी वस्तू जी पुंगळी ती हाती उरते. अमेरिकेतील नेमबाज ती पुन्हा भरतात, काटकसरीसाठी आणि आपल्या रायफलीस मानवेल असा अचूक बार जुळवण्यासाठीही. त्यांच्या मेजावर एक दाबयंत्र असते, पुंगळीला मूळ आकार देणारे साचे असतात, लांबी मोजण्यास कॅलिपर असतो आणि दारूसाठी तराजू असतो. नवशिक्याने एका खेपेस एकच काम करणारे साधे दाबयंत्र घ्यावे, भराभर काडतुसे ओकणाऱ्या बहुकलमी यंत्राच्या मोहात पडू नये, हे तेथील जुन्या खोडांचे मत मला पटते. पुंगळ्यांतही घराणी आहेत: बॉक्सर या इंग्रज अधिकाऱ्याच्या पद्धतीची पुंगळी अमेरिकेत रूढ झाली, आणि बर्डन या अमेरिकनाची युरोपात! बॉक्सरच्या पुंगळीला मध्ये एकच छिद्र असल्याने जुनी टोपी एका सुईने बाहेर ढकलता येते. बर्डनच्या पुंगळीला दोन बारीक छिद्रे असतात आणि ती कडेला असतात, म्हणून ती घरी भरणाऱ्याला रडवते.

परंतु मला विचाराल तर पैसा वाचवावा तो यंत्रात, तराजूत कदापि नव्हे. जुनी काळी दारू पुंगळी काठोकाठ भरीत असे, त्यामुळे दोनदा ओतण्याची चूक डोळ्यांदेखत सांडे. बिनधुराची दारू पुष्कळ काडतुसांत अर्धी पुंगळीही व्यापत नाही, आणि दुप्पट माप तीत गुपचूप मावते. म्हणून जाणता मनुष्य भरलेल्या पुंगळ्या भोके पाडलेल्या लाकडी ठोकळ्यात ओळीने उभ्या करतो, दिवा वर धरतो आणि गोळी बसवण्यापूर्वी प्रत्येकीत वाकून पाहतो. तराजूवरचे परिमाण ग्रेनचे. आपला तोळा १८० ग्रेनांचा व गुंजा ९६, म्हणजे एक गुंज पावणेदोन ग्रेनांहून किंचित भारी. आणि हा तराजू ग्रेनाचा दहावा भाग, म्हणजे गुंजेचा सुमारे एकोणिसावा हिस्सा, दाखवतो. सराफकट्ट्यावरच्या काट्याने मान खाली घालावी अशी ही बारकाई आहे.

आपल्याकडे मात्र १९५९च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमान्वये परवान्यावाचून काडतूस तयार करणे हा गुन्हा आहे, मग ते स्वतःच्या माजघरात का असेना. बंदुकीचा परवाना हा काही काडतुसे बनवण्याचा परवाना नव्हे. आजोबांच्या पेटीत जुनी काडतुसे सापडली, तर ती उघडून पाहू नका. पोलीस ठाण्यास कळवा. तंजावरची शस्त्रे पाहण्यास मात्र कोणाचीच आडकाठी नाही. फक्त शुक्रवारी जाऊ नका, त्या दिवशी संग्रहालय बंद असते.