गाडी तापतेय, कुलंट कमी होतंय? नुसतं पाणी ओतू नका, आधी हे तपासा

उन्हाळ्याचे दिवस, गाडीत माणसं आणि सामान भरलेलं, समोर घाट. अशात टेम्परेचरचा काटा लाल खुणेकडे सरकतो. अनेकजण बाटलीभर पाणी ओतून पुढं निघतात. दोन दिवसांनी टाकी पुन्हा रिकामी! मोठ्या खर्चाची सुरुवात इथूनच होते.

एक गोष्ट लक्षात ठेवा. कुलंट हे डिझेलसारखं जळून संपत नाही, ते इंजिन आणि रेडिएटरमध्ये फिरत राहतं. वारंवार कमी होत असेल, तर ते एकतर बाहेर गळतंय, नाहीतर इंजिनाच्या आत शिरतंय.

गरम गाडीचं झाकण उघडू नका

आतलं पाणी दाबाखाली असल्याने 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब सुटतो आणि उकळतं पाणी थेट तोंडावर उडतं. तपासणी सकाळी, गाडी पूर्ण थंड असतानाच करा.

बाहेरची गळती कशी शोधाल?

• रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरा. सकाळी हिरवा, लाल किंवा निळा डाग दिसला तर कुलंट गळतंय. एसीचं पाणी बिनरंगी असतं, त्याची काळजी नको.
• डाग पुढच्या बाजूला असेल तर रेडिएटर आणि होज पाइप बघा. पट्ट्याच्या बाजूला असेल तर वॉटर पंप बघा.
• पाइपच्या क्लिपजवळ वाळलेले पांढरट डाग आहेत का? झाकणाचं रबर कडक झालंय का? झाकण स्वस्तात बदलून मिळतं.
• डॅशबोर्डखालची मॅट ओली आणि गोडसर वास असेल, तर हीटरची जाळी गळत असू शकते.

बाहेर थेंबही नाही, तरी कुलंट कमी?

मग हेड गॅस्केटचा संशय घ्या. डिपस्टिकवरचं ऑइल दुधी चहासारखं दिसणं, गाडी गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहणं, इंजिन चालू असताना कुलंटच्या टाकीत सतत बुडबुडे येणं, यापैकी एकही खूण दिसली तर गाडी चालवू नका. मेकॅनिककडून प्रेशर टेस्ट करून घ्या. तशीच दामटली तर हेड वाकतं, इंजिन सीज होतं. शंभर-दोनशेच्या पाइपवर भागणारं काम मग इंजिन उतरवण्यापर्यंत जातं.

कुलंट पुरेसं असूनही गाडी तापत असेल तर रेडिएटरचा पंखा फिरतो का, जाळीत माती-भुसा अडकलाय का आणि थर्मोस्टॅट उघडतो का, हे बघून घ्या.

रस्त्यात काटा वर गेला तर

एसी बंद करा, गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. किमान अर्धा तास थांबा. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो.

बोअरचं पाणी नको

बोअरच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात आणि त्या चोंदतात. अडचणीत एखाद्या वेळी साधं पाणी चालेल, पण नंतर ते काढून कंपनीने सांगितलेलं कुलंट भरा.

आणि हो, कुलंट चवीला गोड पण विषारी असतं. अंगणात सांडलेलं लगेच धुऊन टाका, काढलेलं उघड्यावर ठेवू नका. कुत्रं, वासरू किंवा लहान मूल तोंड लावू शकतं.