'डेड' या शब्दाचे नाना अर्थ

'डेड' म्हणजे 'मेलेला' हें इंग्रजी शिकणारा मुलगा आरंभींच पाठ करतो, आणि तेथूनच भाषांतरांत त्याची फजिती होऊं लागते. आमच्या नेरळ स्टेशनाचेंच पाहा. १९०७ सालीं येथून माथेरानची दोन फूट रुंदीच्या रुळांवरची छोटी गाडी सुरू झाली व पुष्कळ वर्षें ती वाफेवर चालली. ज्या इंजिनांत विस्तव नाहीं व ज्यास दुसऱ्यानें ओढून न्यावें लागतें, त्यास रेल्वेचे लोक 'डेड' म्हणत. पण कोळसा घालून पेटविलें कीं तें पुन्हां धावूं लागे. जो रूळ पुढें कोठेंच जात नाहीं तो 'डेड एंड'. तेथें मरण नसून केवळ वाट संपलेली असते.

याहून विलक्षण प्रयोग मुंबईस जाणाऱ्या विजेच्या लोकलमध्यें सांपडतो. तेथें मोटरमनला एक मूठ सतत दाबून धरावी लागते. मूर्च्छा येऊन किंवा प्राण जाऊन त्याचा हात सुटला, तर वीज तुटते आणि ब्रेक आपोआप लागतात. हिचें नांव 'डेड मॅन्स हँडल'. 'मेलेल्या माणसाची मूठ' असें कोणी भाषांतर केल्यास ऐकणारा दचकेल, पण चालक गेला तरी उतारू वांचावे म्हणून ती आहे, हें त्यास कळणार नाहीं. आम्ही तिला 'सुटतांच गाडी थांबविणारी मूठ' म्हणूं. नांव लांबलें खरें!

शाळेच्या कचेरींत बाकें, कपाटें व नकाशे यांची नोंद 'डेडस्टॉक रजिस्टरां'त होते. त्यास मराठींत 'जडसंग्रह नोंदवही' म्हणतात, तें योग्यच आहे. उलट धरणाच्या दारांखालीं उरणाऱ्या पाण्यास वर्तमानपत्रें 'मृतसाठा' म्हणतात. बिचारे मासे त्यांत खुशाल पोहत असतात! शर्यतींतील 'डेड हीट' म्हणजे बरोबरी, व 'डेड स्लो' म्हणजे अगदीं हळू.

प्रत्येक ठिकाणीं 'मृत' टाळावा, असेंही नाहीं. याकोबाच्या पत्रांत क्रियांवांचूनच्या विश्वासास इंग्रजी बायबल 'डेड' म्हणतें. मराठी भाषांतरांत तेथें 'निर्जीव' आहे. उधळ्या पुत्राच्या दृष्टांतांत इंग्रजी शब्द तोच, पण मराठींतील बाप 'मेला' असेंच म्हणतो. विश्वास हा कांहीं मरणारा प्राणी नव्हे. पुत्र मात्र खरोखरच गेला, असें बाप मनांत धरून बसला होता.