विनापरवाना वाढीव खोली नियमित कशी करावी?

कुटुंब वाढले की घरामागे एखादी खोली काढणे, ही आपल्या सुरगाण्यातील प्रत्येक घरची गरज आहे. परंतु बँकेतील कर्जाच्या टेबलावर आम्हांस वारंवार एकच अडचण दिसते : खोली जागेवर आहे, मंजूर नकाशात नाही! मुलीच्या शिक्षणासाठी घर तारण ठेवायला आलेला बाप मग रिकाम्या हाताने परततो.

"घरपट्टी भरतो, म्हणजे बांधकाम कायदेशीर" हा समज चुकीचा आहे. घरपट्टी हा कर आहे, परवानगी नव्हे.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५३ नुसार नोटीस आली, तरी तिच्या मुदतीत कलम ४४ खाली बांधकाम कायम ठेवण्याची परवानगी मागता येते. मात्र नोटिशीची वाट पाहू नये. मालकीचा उतारा, मोजणी नकाशा आणि वास्तुविशारदाने काढलेला जुन्या-नव्या बांधकामाचा नकाशा घेऊन नगरपंचायतीत अर्ज करावा. सामासिक अंतर व चटई क्षेत्र नियमात बसत असेल, तर शुल्क व दंड भरून खोली नियमित होऊ शकते. न बसणारा भाग काढावा लागतो.

आपला तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. आदिवासी बांधवाची जमीन बिगर-आदिवासीने पूर्वपरवानगीविना घेतली असेल, तर मूळ मालकीचाच प्रश्न उभा राहतो. तेथे नुसता नकाशा उपयोगाचा नाही.

विद्यार्थ्यांनी घरचे कागद आजच वाचून पाहावेत, ही आमची विनंती.