ओळखपत्र मागण्यात अपमान कसला?

दौंड हे रेल्वेचे गाव आहे. मनमाडकडे वा सोलापूरकडे जाणारी गाडी ज्याच्या हाती सोपवावयाची, त्या चालकापाशी सक्षमतेचा दाखला असावा लागतो आणि तो ठरावीक मुदतीने नव्याने मिळवावा लागतो, हे येथील शाळकरी मुलासही ठाऊक असते. तालुक्यातील साखर कारखान्यांत व कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत बॉयलरपाशी प्रमाणपत्रधारक माणूसच उभा राहिला पाहिजे, हा दंडक तर १९२३ च्या बॉयलर कायद्याइतका जुना आहे. परंतु त्याच चालकाच्या अथवा कामगाराच्या घरी ओट्याखाली १४.२ किलो वायूने भरलेला सिलिंडर उभा असतो, आणि त्याला हात लावण्याची मुभा मात्र दारात येऊन ‘गॅस कंपनीकडून आलो आहे’ असे म्हणणाऱ्या कोणाही इसमास आपण सहज देऊन टाकतो. ही विसंगती आपल्या लक्षातही येत नाही.

मीही याला अपवाद नव्हतो. काही महिन्यांपूर्वी भर दुपारी पाठीवर पिशवी लटकावलेला एक तरुण आमच्या घरी आला. तपासणी सक्तीची असल्याचे त्याने सांगितले, नळी खराब झाल्याचा निर्वाळा दिला, नवी नळी बसविली, पैसे घेतले आणि नाव-पत्ता नसलेली एक पावती ठेवून तो गेला. मी घरातच होतो. अर्थशास्त्र शिकविणाऱ्या या प्राध्यापकाने त्याला पाणी विचारले, ओळखपत्र विचारले नाही. तीन आठवड्यांनी पहाटे पत्नीला वास आला. वितरकाकडून आलेल्या मेकॅनिकने पाहिले, तेव्हा नळी रेग्युलेटरच्या तोंडावर जेमतेम अर्धी चढविलेली होती आणि तिच्यावर आयएसआय चिन्ह नव्हते. वितरकाने त्या तरुणाला पाठविलेलेच नव्हते. त्या पहाटे पत्नीने प्रथम दिवा लावला असता तर काय झाले असते, हा विचार अजूनही मनातून जात नाही.

स्वयंपाकाच्या वायूस स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. तो हवेहून जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो आणि ठिणगीची वाट पाहतो. गळती कळावी म्हणूनच त्यात मर्कॅप्टन नावाचे उग्र दर्पाचे द्रव्य मिसळण्यात येते. अडाणी कारागिराच्या बाबतीत अशी सोय नाही. त्याचे काम आणि जाणकाराचे काम सामान्य गृहस्थाला वरून सारखेच दिसते. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले, की विकणाऱ्याला मालाची खरी प्रत ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही अशी स्थिती असली, म्हणजे वाईट माल चांगल्याला बाजारातून हुसकावतो. गॅसच्या कामालाही हे तंतोतंत लागू पडते. तेव्हा कारागिराच्या लायकीचा ‘वास’ ग्राहकाला यावा, अशी व्यवस्था समाजाला बाहेरूनच करावी लागते. नोंदणी म्हणजे ती व्यवस्था.

ब्रिटनने ती मोठी किंमत मोजून उभी केली. १६ मे १९६८ रोजी लंडनमधील रोनन पॉइंट या बावीस मजली इमारतीत एका बाईने पहाटे चहासाठी शेगडी पेटविली आणि स्फोट होऊन इमारतीचा एक कोपरा खाली कोसळला. शेगडीच्या जोडणीतील एक पितळी नट सदोष होता. त्यानंतर १९७० मध्ये गॅस कारागिरांची स्वेच्छा नोंदणी सुरू झाली, १९९१ मध्ये ती सक्तीची झाली, आणि २००९ पासून ‘गॅस सेफ रजिस्टर’ ही नोंदवही तेथे चालू आहे. नोंद झालेल्या माणसाच्या ओळखपत्रावर छायाचित्र व क्रमांक असतो आणि मागील बाजूस त्याला नेमकी कोणती कामे करता येतात त्यांची यादी असते. शेगडी जोडणारा प्रत्येकजण बंब दुरुस्त करू शकतोच असे नाही, हा विवेक त्या यादीत आहे.

यावर एक आक्षेप संभवतो व तो पोरकट नाही. परवान्यांच्या नावाखाली धंदे मूठभरांच्या हाती जातात, हे ॲडम स्मिथने १७७६ मध्ये आणि मिल्टन फ्रीडमनने १९६२ मध्ये बजावले होते. आमच्या घरी आलेला तरुणही बहुधा बेकारीनेच या मार्गाला लागला असावा. तथापि यावरचा उपाय नोंदणी नसणे हा नव्हे. प्रशिक्षण स्वस्त व सर्वांस खुले असणे हा होय. नोंदणीवाचून गरिबाला काम मिळते खरे, पण चुकीची किंमत बहुतेक वेळा दुसऱ्या गरिबाचे घर देते.

मात्र कागद असला म्हणजे काम झाले, असेही नाही. वीजजोडणीसाठी परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो. परंतु वायरिंग एकाने करावयाचे आणि सही दुसऱ्याची आणावयाची, ही तक्रार कोणाच्या कानावर आलेली नाही? नोंदवही कितीही चांगली असली, तरी ती उघडून पाहणारा कोणी नसेल तर ती कपाटातच पडून राहते.

आपल्याकडे अडचण येथेच आहे. दारी आलेल्या माणसाला ‘तुमचे ओळखपत्र दाखवा’ म्हणणे आपल्याला असभ्यपणाचे वाटते. वास्तविक प्रशिक्षित मेकॅनिकला या प्रश्नाचा राग येण्याचे कारण नाही. तो प्रश्न त्याच्याच विद्येचा मान राखतो. कार्ड पाहावे, आणि तेवढ्यावर न थांबता ग्राहकपुस्तिकेवर छापलेल्या क्रमांकावर वितरकाला विचारावे. आलेल्या माणसाने दिलेल्या क्रमांकावर नव्हे. पैसे दिल्यास वितरकाच्या नावाची छापील पावती घ्यावी. गळतीचा संशय आल्यास रेग्युलेटर बंद करावा, विजेचे कोणतेही बटण दाबू नये, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे.

पण सारा भार गृहिणीवर टाकणे न्यायाचे नाही. आपल्या मेकॅनिकांची नावे व छायाचित्रे प्रत्येक वितरकाने दुकानाबाहेरील फलकावर लावावीत आणि तीच यादी नगरपालिकेत व ग्रामपंचायतीत असावी, एवढी मागणी तरी आपण करावयास हवी. त्यास लागणारा खर्च एका फलकाचा आहे. दौंडच्या स्थानकावर तिकीट तपासनीस आला म्हणजे आपण निमूटपणे तिकीट काढून दाखवितो व त्यात कोणाला अपमान वाटत नाही. घराच्या उंबऱ्यावर तपासनिसाचे ते काम आपलेच आहे.